‘डॉगव्हिल’वरून सभा दुभंगली, तर पुन्हा कसं बसावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या वाचनालयात तुम्ही महिन्यातून एकदा सिनेमा दाखवता. गेल्या खेपेला लार्स फॉन ट्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘डॉगव्हिल’ (२००३) लावला. चाळीसेक प्रेक्षकांतले दहा-बारा मधेच उठून गेले. उरलेल्यांपैकी दोघं ‘महान’ म्हणाले, एक ज्येष्ठ गुरुजी ‘विकृत’ म्हणाले, आवाज चढले आणि सतरंज्या गुंडाळून सगळे घरी गेले. आता त्याच सिनेमावर पुन्हा बसायचं आहे आणि वाचनालयाच्या अंकासाठी एक लेखही लिहायचा आहे.

पुन्हा बसा. भांडण झालं याचा अर्थ सिनेमा लोकांपर्यंत पोचला. बिघडलं ते एवढंच की निकाल आधी लागला आणि साक्षी घ्यायच्या राहून गेल्या. क्रौर्यावरच्या सिनेमाला प्रतिसाद द्यायचा म्हणजे पडद्यावर काय दाखवलं, कुठून दाखवलं, किती वेळ दाखवलं आणि त्या वेळी आपल्याला कोणाच्या शेजारी उभं केलं, हे आधी नीट सांगायचं. ‘विकृत’ किंवा ‘महान’ त्यानंतर. हा क्रम पाळला तर गुरुजींचा शब्दसुद्धा कामाचा ठरतो.

जे आले नव्हते किंवा उठून गेले त्यांच्यासाठी गोष्ट सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातलं, मंदीच्या काळातलं एक गरीब खेडं. गुंडांपासून पळणारी ग्रेस नावाची तरुणी तिथे येते. टॉम नावाचा, स्वतःला लेखक समजणारा तरुण गावाला पटवतो आणि गाव तिला दोन आठवडे ठेवून पाहतं. ती घरोघर कामं करते. पोलिसांची पत्रकं लागतात तसा तिला ठेवण्याचा ‘भाव’ वाढतो: काम जास्त, मजुरी कमी, मग बलात्कार, मग गळ्यात घंटेचा पट्टा आणि साखळीला जड लोखंडी चाक. शेवटी गुंडांच्या गाड्या येतात. टोळीचा प्रमुख तिचा बाप निघतो आणि तिच्या सांगण्यावरून गाव जाळलं जातं, माणसं मारली जातात. हे सगळं एका मोठ्या स्टुडिओच्या काळ्या फरशीवर घडतं. घरांना भिंती नाहीत, फक्त पांढऱ्या रेघा. कुत्रासुद्धा रेघांनी काढलेला.

पुन्हा बसण्याआधी तपासा की गेल्या वेळी लोकांना सिनेमा धड दिसला आणि ऐकू आला होता का. ‘कळला नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा यंत्रात असतं, आणि या सिनेमात तर हमखास. दारं दिसत नाहीत, पण नट हवेत कडी काढतो तेव्हा कडीचा आणि बिजागरीचा आवाज येतो. म्हणजे गावातली सगळी दारं फक्त आवाजात आहेत. एप्रिल-मे मध्ये हॉलमध्ये कूलर घरघरत असेल तर ती दारं बुडतात आणि मग नट हवेत हात का हलवतात हेच कळत नाही. हा सिनेमा थंडीत दाखवा. उन्हाळ्यातच दाखवायचा असेल तर रात्री आठनंतर, कूलर आधी तासभर चालवून, सिनेमाभर बंद ठेवून. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर ठेवले की आवाज पहिल्या दोन रांगांतच जिरतो.

चित्राचंही तसंच आहे. काळ्या फरशीवरच्या पांढऱ्या रेघा आणि नावं अंधुक हॉलमध्ये विरून जातात. आठ बाय सहा फुटांच्या पडद्याला तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण खिडक्यांना काळं कापड हवं आणि बाहेरच्या हायमास्टचा उजेड पडद्यावर यायला नको. वीज जाणार हे धरूनच चला. प्रोजेक्टर साधारण तीनशे वॅट, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून दोनशे, म्हणजे पाचशे वॅटचा भार. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची चांगली बॅटरी हा भार दोन-अडीच तास ओढते. सिनेमा १७८ मिनिटांचा आहे. सुरुवातीपासून वीज नसेल तर शेवटची तीस ते साठ मिनिटं हातून जाऊ शकतात, आणि सारा वाद तर त्याच मिनिटांचा आहे.

भाषा हा तिसरा अडसर. निवेदकाचं इंग्रजी दाट आहे आणि इंग्रजी सबटायटल भराभर पळतात. मराठी सबटायटल स्वतः करता येतात. साध्या मजकुराच्या एसआरटी फाइलमध्ये वेळांना हात न लावता फक्त वाक्यं बदलायची. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत पस्तीसेक अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. तेवढा वेळ नसेल तर एक सोपा उपाय आहे. सिनेमा एक प्रस्तावना आणि नऊ प्रकरणांत विभागलेला आहे आणि प्रत्येक प्रकरणाआधी मजकुराची पाटी येते. प्रत्येक पाटीवर वीस सेकंद थांबा आणि एकाने ती मराठीत मोठ्याने वाचावी. पुढे काय घडणार हे पाटीच सांगून टाकते. त्यामुळे प्रेक्षक ‘काय होईल’ हे सोडून ‘कसं होतं’ याकडे वळतो, आणि दिग्दर्शकालाही तेच हवं आहे. मध्यंतर पाचव्या प्रकरणानंतर घ्या. गाव दात दाखवतं ते सहाव्यात.

‘आपल्या लोकांना असला प्रयोग झेपत नाही’ असं समितीतला कोणी म्हणेल. ते मानू नका. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर बसून पाहणारा, दंडार हे उघड्यावरचं लोकनाट्य पाहत वाढलेला हा प्रेक्षक आहे. एका खुर्चीचा राजवाडा होतो हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कबड्डीच्या मैदानावर फक्कीने आखलेली रेघ ओलांडली की माणूस बाद होतो, हेही त्याला ठाऊक आहे. रेघांचं गाव तो पाच मिनिटांत मान्य करतो. उठून गेलेल्यांनी मांडणीचा कंटाळा म्हणून हॉल सोडला असेल असं मला वाटत नाही. ते क्रौर्यामुळे गेले, आणि क्रौर्य पाहून उठून जाणं हाही एक प्रतिसाद आहे.

म्हणून बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करा. फळ्यावर नऊ प्रकरणांचे नऊ चौकोन काढा. जे उठून गेले त्यांनी कुठे उठलो ते सांगायचं, किंवा चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि तिथे खडूने एक रेघ मारायची. का उठलो हे विचारायचं नाही. रेघा बहुधा सहाव्या प्रकरणात, चक या गावकऱ्याच्या घरातल्या बलात्कारापाशी गोळा होतील, काही ग्रेसचा ट्रकमधून पळण्याचा प्रयत्न फसतो तिथे. एखादी चौथ्यात असेल. तो मात्र कंटाळून गेलेला माणूस, आणि त्याचंही ऐकून घ्या. या चित्रामुळे ‘पळून गेले’ आणि ‘टिकले’ असे दोन पक्ष उरत नाहीत.

नंतर प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद आणि पंधरा मिनिटं द्या. प्रश्न एकच: कोणतं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही? त्यात कोण कुठे उभं होतं? नाव लिहायचं नाही. ‘सिनेमा कसा वाटला’ असं विचारलंत की ‘बरा होता’, ‘लय आंगावर आला’ यापलीकडे गाडी जात नाही. दृश्य विचारलं की माणसं तपशील देतात. कागद डब्यात गोळा करून संचालकाने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, वाचावेत. हे बायकांसाठी विशेष गरजेचं आहे. ज्या हॉलमध्ये सासरे, दीर आणि सरपंच बसलेत तिथे कोणतीही बाई बलात्काराच्या दृश्यावर तोंड उघडणार नाही. कागदावर मात्र ती लिहील, आणि त्या सभेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच असू शकतं. जमलं तर पहिला अर्धा तास बायांचं रिंगण वेगळं ठेवा आणि ते एखाद्या शिक्षिकेने किंवा आशाताईने चालवावं. ‘बाई इतकं सोसते काहून?’ हा प्रश्न दोन्ही रिंगणांत येईल, पण उत्तरं वेगळी येतील.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं आणि फक्त वर्णन. कुणी ‘दिग्दर्शकाला असं म्हणायचंय’ म्हणून सुरुवात केली तर नम्रपणे थांबवा. सगळ्यात मोठा धोका साहित्यिक मंडळींचा असतो. एकाने ब्रेख्त या जर्मन नाटककारावर दहा मिनिटं भाषण ठोकलं की शेतावरून आलेला माणूस गप्प होतो तो गप्पच. ब्रेख्तचा संबंध खरा आहे. त्याच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’त एका मोलकरणीच्या तोंडचं गाणं आहे, की एक जहाज येईल आणि तिला राबवणाऱ्यांची मुंडकी उडतील. ‘डॉगव्हिल’चं बीज त्या गाण्यात आहे. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) केला, हेही सांगण्याजोगं आहे. पण शेवटी सांगा.

वर्णनाच्या फेरीत बलात्काराच्या दृश्यावर थांबावंच लागेल. संचालकाने लक्ष वेधायचं ते असं: भिंती नसल्यामुळे कॅमेऱ्याला त्या घरातून सारं गाव दिसतं. माणसं आपापल्या कामात आहेत, रस्त्यावर चालत आहेत, आणि त्यांच्याच चौकटीत एका कोपऱ्यात हे घडतं आहे. कथेतल्या माणसांपुढे भिंत आहे, आपल्यापुढे नाही. मग विचारा: गावात एखाद्या घरात काय चाललंय हे खरंच कुणाला दिसत नाही का? यावर लोक भराभरा बोलतात असं समजू नका. बऱ्याचदा लांब शांतता पडते. ती मोडू नका, निदान मिनिटभर.

मजुरीचा धागा आपल्याकडच्या प्रेक्षकाला सगळ्यात लवकर कळतो. सुरुवातीला गावात कुणालाच मदतनीस ‘नको’ असतो. ग्रेस अशी कामं शोधते जी केली नाहीत तरी चालतील. काही दिवसांत तीच कामं अडायला लागतात. मग उपकाराची भाषा हिशेबाच्या भाषेत बदलते: तुला ठेवण्यात आमचा धोका वाढला, तर तू जास्त द्यायला हवं. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला किंवा सालाने राहणाऱ्या गड्याला हे कुणी समजावायची गरज नाही. उचल, उपकार आणि वेठ यांच्यातली हद्द कशी सरकते ते तिला अंगाने माहीत आहे. फळ्यावर प्रकरणांच्या चौकोनांखाली दोन ओळी आखा, ‘तिचं काम’ आणि ‘गावाने दिलेलं कारण’, आणि त्या लोकांकडून भरून घ्या. क्रौर्य कुठे सुरू झालं यावर तिथे मतभेद होतील. कुणी बलात्कारावर बोट ठेवेल, कुणी मजुरी कापली त्या क्षणावर, कुणी तिला ठेवायचं की नाही यावरच्या पहिल्या मतदानावर. माझ्या मते या सिनेमाचं खरं काम इथे आहे, आणि पहिली सात प्रकरणं याबाबतीत जवळजवळ निर्दोष आहेत.

या बैठकीचा निम्मा वेळ मात्र शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवा. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि विचारा: बंदुका चालल्या तेव्हा ज्यांना बरं वाटलं त्यांनी हात वर करा. संचालकाने आकडा मोजायचा, कुणाचं नाव लक्षात ठेवायचं नाही. मग, डोळे मिटलेलेच असताना, दुसरा प्रश्न: चकची बायको व्हेरा, तिच्या पोरांच्या वेळीही? हात खाली येतात ते तिथे. आता डोळे उघडायला सांगून दोन दृश्यं शेजारी ठेवा. पहिलं: ग्रेसने तुटपुंज्या मजुरीतून घेतलेल्या चिनी मातीच्या सात बाहुल्या व्हेरा फोडते आणि म्हणते, तू रडू आवरलंस तर थांबेन. दुसरं: ग्रेस हुकूम देते की व्हेराच्या मुलांना तिच्या डोळ्यांदेखत आधी मारा आणि तिला सांगा, तिने रडू आवरलं तर थांबाल. शब्द जवळपास तेच. बाहुल्यांच्या जागी मुलं आली. पहिल्या प्रश्नाला हात वर करणारा प्रेक्षक इथे अडकतो आणि त्याला अडकवण्यासाठीच सिनेमाने तीन तास घेतले आहेत.

गाडीतला बाप-लेकीचा संवादही पुन्हा दाखवा, सुटा, दहाएक मिनिटांचा. बापाचा युक्तिवाद असा की ग्रेसची क्षमा हाच तिचा अहंकार आहे. जे स्वतःला कधी माफ केलं नसतं ते ती इतरांना माफ करते, म्हणजे त्यांना स्वतःपेक्षा खालचं समजते. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. यावर सभेचे दोन गट पडू द्या. क्षमा करणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं का? आणि तसं असलं, तरी त्यातून जाळपोळ निघते का? एक बारीक गोष्टही दाखवा. जिवंत ठेवला जातो तो फक्त कुत्रा. ग्रेसने गावात आल्या आल्या भुकेपोटी त्याचं हाडूक चोरलं होतं, म्हणजे रागावण्याचं खरं कारण एकट्या त्याच्याकडेच होतं. आणि तोवर फक्त रेघ असलेला तो कुत्रा शेवटी खराखुरा होऊन भुंकतो.

आता गुरुजींचा शब्द. ‘विकृत’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: काय विकृत? क्रौर्य घडलं ते, दाखवलं ते, की ते पाहताना मिळालेलं समाधान? ‘महान’ म्हणणाऱ्यालाही सोडू नका: कोणत्या दृश्यात, कशामुळे? या सिनेमाविरुद्ध एक भक्कम आक्षेप आहे आणि तो कुणी मांडला नाही तर संचालकाने मांडावा. या गावात ठामपणे ‘नाही’ म्हणणारा एकही माणूस उरत नाही. म्हातारा, आंधळा, शिकलेला, पोर, सगळे एका दिशेने घसरतात. खऱ्या गावात असं होत नाही. तिथे एखादी म्हातारी तरी रात्री गुपचूप भाकर देते, एखादा तरी साक्ष द्यायला उभा राहतो. दिग्दर्शकाने फासे आधीच भारून ठेवले आहेत. खेड्यात राहणाऱ्या प्रेक्षकाला यात अपमान वाटला तर तो त्याचा अडाणीपणा समजू नका. ती समीक्षाच आहे. अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला दिग्दर्शक या सिनेमातून अमेरिकेला नावं ठेवतो, असाही आरोप झाला. तो मुद्दा आपल्या सभेत दोन मिनिटांत आटोपा.

‘आपल्या परंपरेत असलं नसतं’ हे वाक्य आलं तर वाद न घालता भवभूतीची आठवण द्या. विदर्भातल्या पद्मपूरचा हा संस्कृत नाटककार. त्याच्या ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात स्मशान आहे, मांस विकायला निघालेला नायक आहे आणि नरबळीची तयारी आहे. बीभत्स आपल्याला नवा नाही. अलीकडचं हवं तर तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आहेच. तिथेही चार सभ्य माणसं खेळ म्हणून सुरुवात करतात आणि एका बाईला घेरतात. तालुक्यातल्या हौशी मंडळाने ते केलं असेल तर त्यातली कुणी नटी सभेत असतेच. बेणारेला पिंजऱ्यात उभं केलं जातं ती जागा तिला वाचायला सांगा.

विदर्भात ही चर्चा झाली की कुणीतरी खैरलांजीचं नाव घेईल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने मारलं. संचालकाने हे नाव आपणहून उदाहरण म्हणून वापरू नये. सभेतून आलं तर दाबूही नये. एवढं मात्र स्पष्ट म्हणावं की ‘डॉगव्हिल’ ही रूपककथा आहे. तिथे क्रौर्य माणसाच्या दुबळेपणातून आणि सौद्यातून वाढतं, तिथे जात नाही. खैरलांजीत जात होती, आणि तरीही ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं न्यायालयात टिकली नाहीत, हा त्या प्रकरणातला मोठा सल आहे. दुसरा फरक त्याहून जड आहे: ग्रेसच्या बापाची गाडी येते. तिथे कुणाचीही गाडी आली नाही. सिनेमा कुठे लागू पडतो यापेक्षा तो कुठे तोकडा पडतो हे अशा वेळी सांगणं जास्त प्रामाणिक आहे. सभेत दलित आणि इतर अशा दोन्ही समाजांतली माणसं असतील तर हा भाग चढ्या आवाजात जाऊ देऊ नका. तिथेच थांबून चहा घ्या.

लेखाबद्दल. आठशे शब्द पुरेत. कथा शंभर शब्दांत संपवा. सुरुवात एका दृश्याने करा, चार-पाच वाक्यांत, कॅमेरा कुठे आहे हे सांगत. मग त्या दृश्याने तुमचं काय केलं ते लिहा, पण ‘अंगावर काटा आला’ असं लिहू नका. नजर कुठे वळली, कोणाची बाजू घेतली, कधी लाज वाटली, असं लिहा. एक आक्षेप पूर्ण ताकदीने मांडा, जणू तो तुमचाच आहे. शेवट उघड करायचा की नाही हा प्रश्न इथे येतो. या सिनेमावर शेवट लपवून लिहिलं तर लेख पोकळ होतो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात वाचकाला तशी सूचना द्या. दिग्दर्शकाची वादग्रस्त विधानं आणि २०११ मध्ये कान महोत्सवाने त्याला बाहेर काढलं तो प्रकार लेखात आणू नका. तो वेगळा विषय आहे आणि तो आला की वाचक सिनेमा सोडून माणसावर निकाल देतो.

पुढच्या वेळी असा सिनेमा लावाल तेव्हा दारावर आणि सुरू होण्याआधी तोंडी, दोन्हीकडे सांगा: यात बलात्कार आणि लहान मुलांची हत्या आहे, अठराखालच्यांना प्रवेश नाही, कुणीही केव्हाही उठू शकतं, बाहेर पाणी आणि बसायला खुर्च्या आहेत. बायकांची बैठक दारापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवू नका. उठायचं झालं तर चाळीस जणांसमोरून जावं लागतं म्हणून त्या उठत नाहीत आणि आपण समजतो की त्यांना चाललं. दाखवण्याचे हक्क आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र यांची बाजू आधी पाहून घ्या, घरी पाहण्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन वर्गणीवर जाहीर खेळ करता येत नाही. आणि शेवटची श्रेयनामावली चालू असताना दिवे लावू नका. तिथे अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या गरिबांची छायाचित्रं एकामागून एक येतात, वर उसळतं गाणं वाजत असतं. इतका वेळ रेघांत राहिलेल्या माणसांना तिथे पहिल्यांदा चेहरे मिळतात, आणि गेल्या वेळी तुमच्याकडे नेमक्या त्याच वेळी सतरंज्या उचलायला सुरुवात झाली असेल तर ती पाचएक मिनिटं पुढच्या बैठकीच्या आरंभी पुन्हा लावा.